सलमाबादमधले अकरा जण

गुरुवारी रात्री साडेनऊला
सलमाबादमध्ये, गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या दुकानामागे
एक शटर अर्धं वर असतं.
वाकून आत जायचं.
आत फोमचा वास, रेक्झिनचे गठ्ठे,
आणि आम्ही अकरा.
बारावा वॉचमन बशीर. तो पैसे देत नाही,
म्हणून मोजायचा की नाही यावर वाद आहे.

तिकीट तीन दिनार. तिकीट म्हणजे मनगटावर
हिरव्या मार्करनं मारलेली फुली.
ती मी घासून धूत नाही.
रविवारी साइटवर विचारतात, हाताला काय लागलं?
मी म्हणतो, हो, लागलंय.

मी लिफ्ट दुरुस्त करतो.
अंधाऱ्या शाफ्टमध्ये कान लावून सांगतो
बेअरिंग कुठल्या मजल्यावर कण्हतंय,
दोर कुठे घासतोय.
चौदा वर्षं आवाज बंद करण्याचा पगार घेतला.
आवाज व्हावा म्हणून खिशात हात घालतो
तो फक्त इथे.

बँडचं नाव जझर.
म्हणजे ओहोटी, मरवानं सांगितलं. ती ड्रम्सवर,
दिवसा मुहर्रकला दातांच्या दवाखान्यात.
मी म्हटलं, आमच्या वेळणेश्वरला सुकती म्हणतात.
तिनं दोनदा म्हणून पाहिलं, सुक-ती, सुक-ती,
मग झांजेवर वाजवूनही पाहिलं.
बेसवर रोडेल, बेकरीतून थेट, भुवईत पीठ.
गिटार शिजूची. गातो अरबीत,
पण मध्येच त्याचा मल्याळी ळ निसटतो
आणि मी घरचं कुणी भेटल्यासारखी मान डोलावतो.

चांगले आहेत का?
खरं सांगू, पहिली दोन गाणी नाहीत.
तिसऱ्यात रोडेल एक सूर चुकतो
आणि सावरायचं सोडून
तोच धरून बसतो, हट्टी पोरासारखा.
शिजू वळून बघतो.
मरवा काठी उलटी धरते.
मग ते दोघंही बिऱ्हाड उचलून
त्या चुकलेल्या सुरात राहायला येतात.
त्यासाठी मी सित्र्याहून दोन बस बदलतो.

मे महिन्यात रेकॉर्डिंग झालं, एका बैठकीत,
घरघर नको म्हणून एसी बंद.
सगळ्यांना ताकीद: हलायचं नाही, खोकायचं नाही.
पाचव्या गाण्याच्या चौथ्या मिनिटाला
माझ्या तोंडून निघून गेलं,
वाजवलंन रे!
शिजू म्हणाला, कापू या.
मरवा म्हणाली, कापून मागे काय उरेल, भोक?
दुसऱ्या दिवसाचे पैसे नव्हते, हेही होतंच.

ऑगस्टात बेकरी विकली गेली, रोडेलचा व्हिसा तिच्याबरोबर.
शिजू दोह्याला.
निरोपाचा कार्यक्रम ठरला होता,
त्या गुरुवारी मी एका हॉस्पिटलच्या शाफ्टमध्ये होतो.

सात गाणी, एकतीस मिनिटं.
खोली कंपनीची, व्हॅन कंपनीची, हेल्मेटवर कंपनीचा नंबर,
कार्डावर दर दोन वर्षांनी नवी तारीख.
या बेटावर माझ्या नावाचे दोनच शब्द,
तेही नाव न लावलेले,
गिटारच्या पाठीमागे, जरा फाटलेले.

मरवाचे ड्रम आता ईसा टाउनच्या जासिमकडे.
सोळा वर्षांचा आहे. सोबत चुलतभाऊ, एक कीबोर्ड,
ज्याच्या दोन पट्ट्या बोलत नाहीत.
वाईट वाजवतात. लय सुटते, मग पळतात तिच्या मागे.
शटर अर्धं वर.
काल आम्ही नऊ, बशीर धरून,
आता धरतो त्याला.

दुसऱ्या गाण्यात फोन थरथरला:
सीफला लिफ्ट अडकलीय, सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये.
आत कोणी आहे?
नाही, रिकामी.
मग एक गाणं थांबू दे,
मी म्हटलं, आणि फोन उलटा ठेवला
रेक्झिनच्या गठ्ठ्यावर.